करवंदीआडचं रान

धोंडुबाईच्या नावावर या जगात काहीच नव्हतं. घर आधी नवऱ्याच्या नावावर होतं, आता मुलाच्या. उसाचा तुकडा मुलाच्या नावावर, डेअरीतलं दुधाचं खातं सुनेच्या नावावर. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून तेवढं तिचं नाव छापलेलं, पण कार्ड कपाटात आणि कपाटाची किल्ली सुनेच्या कमरेला. याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तिचं स्वतःचं असं एक रान होतं, आणि त्याचा सातबारा कुठल्याही तलाठ्याच्या दप्तरात सापडला नसता.

शिराळ्याच्या पश्चिमेला, उसाचे मळे संपून डोंगर सुरू होतो तिथं भैरूची वाडी. वाडीच्या वरच्या अंगाला करवंदीची दाट जाळी होती. बाहेरून बघणाऱ्याला नुसते काटे दिसत. पण खालच्या बाजूनं पदर सावरून, ओणवं होऊन आत शिरलं की मधे दोन बाजा मावतील एवढी मोकळी जागा. तिथं पावसाळ्यात तेरडा माजलेला असे, आणि तेरड्याच्या आडोशाला गांजाची चार-दोन झाडं.

जागा मूळची तिच्या नवऱ्याची, गुंडाची. गुंडा फौजेतून पेन्शनीवर आला आणि भजनी मंडळात रमला. भजनाबरोबर चिलीम आली. "फौजेत अख्खी तोफ झाडपाल्याखाली लपवायचो गं, चार झाडांचं काय," असं तो बायकोला ऐटीत सांगे. बायकोशिवाय जागा कुणाला माहीत नव्हती. पखवाज वाजवणारा अर्जुना त्याचा जिवाभावाचा दोस्त, पण त्यालासुद्धा नाही.

गुंडा गेला. त्या पावसाळ्यात धोंडुबाई वर गेली ती झाडं उपटून टाकायला म्हणूनच. पडलेल्या बियांची रोपं आपसूक उगवून कमरेला लागली होती. ती वाकली, आणि तिच्यानं उपटवेना. उलट वाऱ्यानं कललेल्या एका झाडाला तिनं काठीचा आधार दिला आणि जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडून बांधून टाकलं. एकदा बांधलं म्हटल्यावर जाऊन बघणं आलं. बघणं आलं म्हणजे शेजारचं तण काढणं आलं. मग दरसाल प्रत्येक झाडाला काठी आणि त्याच लुगड्याची चिंधी मिळू लागली.

तिनं स्वतः कधी चिलीम ओढली नाही. त्या वासानं तिला शिंकांवर शिंका येत. गुंडाच्या नावानं अर्जुनाला मूठभर पाला द्यायचा, बाकीचं तिथंच वाळून जायचं. पण घरात बसलं की कुणी ना कुणी हाक मारणार. म्हैस हंबरणार, कुकर शिट्ट्या देणार, शेजारीण विरजण मागायला येणार. जाळीत शिरलं की कुणाची हाक पोचत नसे. तिथं बसून ती गुंडाशी मनसोक्त भांडून घेई. जिवंत असताना त्यानं कधी एवढं ऐकून घेतलं नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना तिची सून पोलीस पाटील झाली.

राजेश्वरी माहेरची दुष्काळी म्हसवडची. पाणी पेल्यानं मोजून वापरणारी, आणि शब्दही तसेच. नवरा आकाराम फौजेत, पठाणकोटला. घरी बसून ही परीक्षा काय देते, तोंडी मुलाखत काय देते, आणि एक दिवस वाडीची पोलीस पाटील होऊन येते काय. धोंडुबाईनं आधी नाक मुरडलं. मग बाजारच्या दिवशी शिराळ्यात भाजीवालीला विनाकारण सांगितलं, "आमची सून पाटलीण हाय, मापात मारू नगंस." त्या दिवशी कोथिंबिरीची जुडी जाड मिळाली. तेव्हापासून तिला सुनेच्या हुद्द्याची चटक लागली ती लागलीच. वाडीत दोन घरांची भांडणं आता तिच्या सोप्यात मिटत, आणि चहा करता करता तीही दोन शब्द घालून घेई.

गौरी-गणपतीच्या तोंडावर राजेश्वरी शिराळ्याहून बैठक करून आली. भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्या, पलीकडच्या गावात उसात गांजा घावला. तिथल्या पोलीस पाटलाला घरी बसवलं."

"त्यानं लावला हुता व्हय?"

"न्हाई वो. त्याच्या हद्दीत घावला, एवढंच. फौजदार म्हणले, ज्याच्या हद्दीत घावंल त्याचं पद गेलं म्हणून समजा. सण झाला की डोंगर बघायला सुरुवात. पयला आपलाच. वरनं ड्रोन उडवणार हायत."

"लगनात उडवत्यात तसला?"

"तसलाच."

"मग त्याला करवंदीतलं काय दिसतंय!"

राजेश्वरीचा हात परातीत थांबला. "करवंदीतलं काय?"

"ससं," धोंडुबाई म्हणाली. "करवंदीत ससं असत्यात."

"सशांचं काय न्हाई. सशांना ते धरत न्हाईत," सून म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी कुरडूची भाजी आणते म्हणून धोंडुबाई विळा घेऊन निघाली. भादव्यातली शेवाळलेली वाट. पहिल्याच चढाला पाय सटकला आणि ती बसली ती चिखलात बसलीच. शेरडं घेऊन येणाऱ्या अर्जुनानं तिला बघितलं.

"आवं वैनी, या वयात घसरगुंडी?"

"दात काय काढतोस? हात दे."

घोटा टम्म सुजला होता. अर्जुनाच्या खांद्याचा आधार घेऊन ती घरी आली. येताना वाटेत तिच्या तोंडाशी आलं होतं, की जाळीत जा आणि काय आहे ते उपटून टाक. पण अर्जुनाला जागा सांगितली असती तर त्यानं झाडं उपटली नसती, तिथं बिऱ्हाड केलं असतं. सुनेचं पद आता तिच्या चार झाडांखाली अडकलं होतं आणि ती हळदीचा लेप लावून बाजेवर पडली होती.

गौराई आणायचा दिवस उजाडला. त्या भागात गौराई म्हणजे तेरड्याची जुडी. बायका रानातून मुळासकट तेरडा उपटून आणतात, पाणवठ्यावर धुतात, वाजतगाजत घरी आणतात, घागरीत उभी करून लुगडं नेसवतात, वर मुखवटा बांधतात. वाडीतल्या बाकीच्या बाया ओढ्याकाठचा तेरडा आणत. धोंडुबाई दरसाल एकटी डोंगरावर जाऊन आणायची, आणि तिची गौराई वाडीत सगळ्यात उंच असायची.

"औंदा मी आणते वरनं," राजेश्वरी म्हणाली.

"नगं! वढ्याकडचाच आण. वर काटं हायत. घसरडं हाय. इंगळ्या हायत."

"आणि ससं," सून म्हणाली. "आत्या, तुमची गौराई सगळ्यात उंच असती. माझ्या हातनं बुटकी आणली तर बाया मलाच बोलत्याल."

ती गेलीसुद्धा. धोंडुबाई बाजेवर पडून आढ्याकडं बघत राहिली. जाळीचं तोंड तिला सापडायचं नाही, ती स्वतःला सांगत होती. आणि सापडलं तर? म्हसवडच्या माळावरच्या पोरीनं ते झाड कुठं बघितलं असणार? मग तिला आठवलं, पोलीस ठाण्यातल्या बैठकीत फोटो दाखवले होते म्हणे.

दुपार कलताना फुगड्यांचा आवाज आला. राजेश्वरी जुडी छातीशी धरून उंबऱ्यात उभी. जुडीवर कोरं खणाचं कापड, बाजूला बाया, पुढं हलगी. घरातल्या मोठ्या बाईनं विचारायचं असतं, म्हणून धोंडुबाईनं बाजेवरून विचारलं, "गौराई, कुठनं आलीस?"

"डोंगरावरनं आले," सुनेनं उत्तर दिलं.

"काय आणलंस?"

"घरातलंच हुतं, घरी आणलं."

हे काही नेहमीचं उत्तर नव्हतं. धनधान्य आणलं, सोनंनाणं आणलं असं म्हणायचं असतं. पण हलगीच्या दणक्यात कुणाचं लक्ष नव्हतं. गौराई बसली. औंदाची गौराई अंगानं भरलेली, लुगडं पुरेना. भाजीभाकरीचा निवद झाला, बाया पांगल्या, आणि धोंडुबाईला शिंक आली. पाठोपाठ दुसरी. तिनं मान वर करून बघितलं. मुखवट्याच्या कानामागून एक पान डोकावत होतं, पाच बोटं पसरलेल्या हातासारखं.

पोरीनं चुकून उपटून आणलं की काय!

आता काढायचं कसं? एकदा बसलेली गौराई विसर्जनापर्यंत जागची हलवायची नाही, तिला हात लावायचा नाही, हा त्या घरातला दंडक. आणि तो घातला होता धोंडुबाईनंच. निऱ्या सारख्या करायला गेलेल्या सुनेला लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला तिनं सगळ्या बायांदेखत फैलावर घेतलं होतं.

"आत्या, काय बघताय? गौराई हलली काय? सारखी करू?"

"हात लावू नगंस!" धोंडुबाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. धोंडुबाई लंगडत उठली आणि सकाळपासून ऊद जाळत बसली. घरात समोरचं माणूस दिसेना. इतक्यात राजेश्वरीनं सांगितलं, "आज फौजदार साहेब जेवायला येणार हायत. मीच बोलावलंय."

"आजच? आनि कशाला?"

"सणाला माणसं घरी बोलवत्यात म्हणून."

इंद्रजित फौजदार तरणा होता, साताऱ्याचा. चपला काढून आत आला आणि डोळे चोळायला लागला. "मावशी, घरात आग लागलीय का?"

"न्हाई, साहेब. गौराईला ऊद लय आवडतो."

तो मुखवट्यासमोर वाकला. वाकलेलाच राहिला. नाक वर करून हुंगू लागला. धोंडुबाईनं उदाची आणखी एक मूठ निखाऱ्यावर टाकली. नेमका त्याच वेळी अर्जुना दर्शनाला आला. उंबऱ्यातच त्यानं लांब श्वास ओढला आणि त्याचा चेहरा फुलला.

"आवं वैनी! औंदा गौराई लयच प्रसन्न हाय वो! गुंडाची आठवण झाली बगा!"

"जेवायला बस!" धोंडुबाई त्याच्या अंगावर ओरडली. "बस म्हणते न्हवं!"

फौजदारानं हात पुढं केला होता. "पोलीस पाटील, हे कानापाशी कसलं पान..."

राजेश्वरी शांतपणे पुढं झाली आणि खणाचा पदर गौराईच्या डोक्यावरून ओढून घेतला. "साहेब, बाप्यामाणसानं गौराईला एवढं निरखून बघायचं नसतं. सासरहून आलेली लेक हाय. लाजती."

फौजदार गडबडीनं मागं सरला. "बरोबर, बरोबर. आमची आई पण हेच सांगायची." त्यानं दोन्ही कान धरले आणि पाटावर जाऊन बसला. कटाची आमटी आली, तुपानं माखलेली पोळी आली, आणि मग त्याला पान, वास कशाचीच शुद्ध राहिली नाही. हात धुताना तेवढं म्हणाला, "उद्या विसर्जन उरकलं की परवा तुमच्या डोंगरापासून सुरुवात. बघू काय घावतंय."

"बघा की," राजेश्वरी म्हणाली. "मी वाट दाखवायला येते."

तिसऱ्या दिवशी सगळी वाडी वारणेवर. धोंडुबाई हट्टानं अर्जुनाच्या बैलगाडीत बसून गेली. घाटावर बंदोबस्ताला खुद्द फौजदार. गर्दीत हात पसरून ओरडत होता, "बाजूला व्हा, पोलीस पाटलांची गौराई येतीय! वाट द्या!"

पाण्यापाशी मुखवटा उतरवला, लुगडं सोडलं. कापड नदीत टाकायचं नाही, असा ग्रामपंचायतीचा नियम. राजेश्वरी जुडी बांधलेल्या चिंध्या सोडायला लागली आणि धोंडुबाई बघतच राहिली. हिरव्या लुगड्याच्या चिंध्या. एक, दुसरी, तिसरी, चौथी. याच लुगड्याचा उरलेला तुकडा राजेश्वरी रोज पांघरते त्या गोधडीला लावलेला होता.

चुकून एखादं नाही, चारही झाडं होती. मुळासकट, तेरड्याच्या पोटात गुंडाळलेली. वाडीच्या मधोमध हलगी लावून आणलेली, पुरणपोळीचा निवद दाखवलेला, संशयच येऊ नये म्हणून फौजदार पंगतीला बसवलेला, आणि आता फौजदारानं वाट करून दिल्यावर पाण्यात सोडलेली. जुडी धारेला लागली, उलगडली आणि हिरवा पाला गोलगोल फिरत गेला. काठावर अर्जुनानं टोपी काढून छातीशी धरली.

"मामांना लयच भक्तिभाव हाय," फौजदार कौतुकानं म्हणाला.

परतताना गाडीत दोघीच मागं बसल्या होत्या. राजेश्वरीनं चिंध्यांची घडी सासूच्या ओच्यात ठेवली.

"वळखलंस तवाच का न्हाई बोललीस?" धोंडुबाईनं विचारलं.

"बोलले असते तर मला लिहून द्यावं लागलं असतं. पोलीस पाटलाला बघितलं न्हाई असं म्हणता येत न्हाई. सुनंला गौराई आणता येती."

धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला. हसू आवरेना, आणि कुठंतरी टोचतही होतं. ते रान आता तिचं एकटीचं उरलं नव्हतं.

"मोहरीच्या डब्यामागं एक डबी हाय," राजेश्वरी बैलांच्या पाठीकडं बघत म्हणाली. "त्यात बी हाय."

"कंचं बी?"

"आत्या."

"बरं. उद्या कोंबड्यांना घालते."

"घाला. आणि पाय बरा झाला की वर जाऊ. जागा झ्याक हाय, कुंपण आयतंच. हळद लावू. मी आत शिरले तवा इतकं गार वाटलं. कुणाची हाक ऐकू येत न्हाई तिथं."

"व्हय," धोंडुबाई म्हणाली. मग चिंध्यांची घडी ओच्यात खोचत, "पर भांडायचं झालं तर तू भायेर थांबायचंस. तुझ्या सासऱ्याचं आनि माझं अजून मिटल्यालं न्हाई."

"थांबते की," सून म्हणाली. "पण मोठ्यानं भांडा. आमाला पण ऐकू द्या."