खोटा म्हातारा

दुपारची भांडी आवरली की बायको मुलाच्या कॉम्प्युटरवर गेम खेळते. त्यात ती वैदीण होते, रानातून मुळ्या आणून गावकऱ्यांना देते. काल मी मागे उभा राहून पाहत होतो. मुळी हातात पडताच पडद्यावरचा म्हातारा वाकून म्हणाला, "तू होतीस म्हणून वाचलो, बाई." ती अशी हसली, की मला परकीच वाटली.

"खोट्या म्हाताऱ्याचं एवढं काय कौतुक?"

"खोटा का असेना, बोलतो तरी."

आमच्यात घरच्यांचे आभार मानत नाहीत. पंचवीस वर्षं तिच्या हातचं जेवलो, तोंड उघडलं ते मीठ कमी पडलं तेव्हाच.

संध्याकाळी जेवताना धीर करून म्हणालो, "आमटी छान झालीय."

ती दचकली. "का? मीठ राहिलं का?"