दहाव्याच्या आधीचा पेपर

जगात जे जे बदलतं, त्या सगळ्याचा नियम डिफरन्शियल इक्वेशनमध्ये लिहिता येतो. सांगलीतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दर वर्षी पहिल्या तासाला मी हे वाक्य गंभीरपणे म्हणतो. वर्ग शांत होतो. मग कोणीतरी विचारतं, हे युनिट किती मार्कांना आहे?

गेल्या उन्हाळ्यात शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याचे वडील अचानक गेले. तासगावजवळ त्यांची बेदाण्याची शेड होती. मुलाचा एकच विषय राहिला होता, माझा. शिरवळच्या एका कंपनीनं त्याला निवडलं होतं, पण तो विषय सुटला तरच. पेपर दुसऱ्या दिवशी होता. मी भेटायला गेलो तेव्हा अंगणात तीच चर्चा चालली होती.

"दहावं झाल्याबिगर त्येला उंबऱ्याभाईर सोडायचं न्हाई," चुलते म्हणाले. "आग त्येनं दिलीया."

"आवं तात्या, पुन्यांदा पेपर सा म्हैन्यांनी. तवर नोकरी ऱ्हाती व्हय?" मुलगा म्हणाला. त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं.

"आन् हाय तरी काय रं येवढं त्या पेपरात?"

"डिफरन्शियल इक्वेशन."

"त्येनं काय हुतंय?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बरीच वर्षं हा विषय शिकवतो आहे.

"पास होता येतं," मी म्हणालो.

आतून त्याच्या आईचा आवाज आला. "त्येनी असतं तर सोता गाडीवर बसवून न्हेलं असतं. जाऊ द्या त्येला."

सकाळी चुलत्यांनीच त्याला मोटारसायकलवर आणलं आणि ते गेटाबाहेर उन्हात थांबून राहिले. हॉल तिकिटावरच्या फोटोत दाट केस होते. पर्यवेक्षकांनी फोटो आणि चेहरा पुन्हा पुन्हा ताडून पाहिला, मग आत सोडलं.

आपल्या विषयाच्या पेपरला आम्हाला वर्गात ड्युटी नसते. प्रश्नपत्रिका माझ्या हातात आली ती उशिरा, व्हरांड्यात. तिसरा प्रश्न असा: खोलीत मृतदेह सापडला. त्याचं तापमान तेव्हा इतकं, तासाभरानं इतकं. मृत्यू केव्हा झाला ते काढा. हे उदाहरण मी वर्गात दर वर्षी सोडवून घेतो आणि मुलं दर वर्षी हसतात.

मी खिडकीतून पाहिलं. पेन खाली ठेवून, कपाळ तळहातावर टेकवून तो बसला होता. बराच वेळ तसाच. आत जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं. ते नियमात बसत नव्हतं.

तो पास झाला. शिरवळला रुजू होण्याआधी कॉलेजात भेटायला आला, तेव्हा मी चाचरतच तो विषय काढला. म्हटलं, तिसऱ्या प्रश्नाला तुला फार जड गेलं असेल.

"तो व्हय? ऑप्शनला टाकला, सर," तो म्हणाला. "त्यात लॉग काढाय लागतोय. माझ्या कॅल्क्युलेटरचं लॉगचं बटण चालत न्हाई."