गाडी कोण चालवणार?

निवृत्त झाल्यावर लोक बागेत रमतात. आमच्या यजमानांनी मोठी व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढून पलंग बसवला, छोटासा ओटा केला आणि आरटीओत खेटे घालून त्या बदलांची नोंदही करून आणली. सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीत ते फिरतं घर उभं राहिलं की समोरच्यांचं फाटक अर्धंच उघडायचं, त्यामुळे रोज कटकट. जायचं होतं समुद्र बघायला, आणि लवकर जायचं होतं, कारण यांचे डोळे चालले होते. काचबिंदू. कडेचं दिसणं गेलंय ते परत येणार नाही, आता गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. ते आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि घरात त्यावर कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

व्हॅनच्या विम्याची मुदत संपत आली होती. आमच्याकडे विमा म्हणजे यांच्या भाचीचा नवरा. आमच्या सगळ्या गाड्यांचं तेच बघतात. ते आले की आधी पोहे-जिलबी, मग चहा, आणि शेवटी ते पुढे करतील त्या कागदावर सही. जावयाला घरी बसवून उलटतपासणी कशी घ्यायची? बाकीचे रकाने ते नंतर भरतात. कोऱ्या फॉर्मवर सही करून वर ‘अजून एक जिलबी घ्या’ असा आग्रह करणारे शहाणे आम्हीच.

या वेळी मात्र माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आदल्या रविवारी प्रवासाआधीच्या पूजेसाठी गाडी बडा गणपतीच्या देवळापाशी नेली होती. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण हट्टाने हेच चालवत होते. परतताना डाव्या बाजूला भाजीचा ठेला होता. मी किंचाळले म्हणून ब्रेक लागला.

“देख के, भिया!” ठेलेवाला ओरडला.

“एकदम मध्येच आला,” हे म्हणाले.

तो मध्ये आला नव्हता. तो केव्हाचा तिथेच उभा होता.

त्यानंतर चार दिवस मी जुनी पॉलिसी घेऊन घरभर फिरले. भाजी करपली, दूध उतू गेलं. दिवसातून तीनदा जावईबापूंना फोन. आतला पलंग नि ओटा विम्यात येतो का? गॅसमुळे आग लागली तर? घाटात बंद पडली तर ओढून कोण आणणार? बरोबर बसलेल्याला लागलं तर?

“मामी, टेन्शन मत लो,” ते म्हणायचे, “सगळं करून देतो ना.”

मी सगळं विचारलं, एक सोडून. ते विचारायची हिंमत होत नव्हती.

शुक्रवारी सकाळी ते आले. मी पोह्यांच्या आधी फॉर्म मागितला. यांनी डोळे वटारले. मी मोठ्याने वाचत गेले आणि एका रकान्याशी थांबले. गाडी कोण चालवणार?

“लिहा ना, मीच,” हे म्हणाले. “अजून कोण आहे घरात चालवणारं?”

जावईबापूंनी पेन टेकवलं.

“थांबा,” मी म्हणाले. “मामांना दिसत नाही.”

पस्तीस वर्षांत मी यांना चारचौघांत कधी खाली पाहायला लावलं नव्हतं, आणि आज जावयासमोर लावलं. पण तो ठेला डोळ्यांपुढून हलत नव्हता.

जावईबापूंनी पेन खाली ठेवलं. “मामा, सच बोलू का?” ते हळू आवाजात म्हणाले. “हे लपवून मी फॉर्म भरला आणि काही झालं, तर कंपनी हात वर करेल. मामी चालवणार असतील, तर गाडी त्यांच्या नावावर करून टाका. मालक स्वतः चालवत असला तर मिळतं ते अपघाताचं कव्हर त्यांना तेव्हाच मिळेल. आपण चालवूच नका, प्लीज.”

हे उठले आणि बाहेर जाऊन व्हॅनमध्ये बसले. ड्रायव्हरच्या सीटवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी खिडकी आणि दार यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होते. जावईबापू गार पोहे चिवडत होते. एकदा वाटलं, धावत जावं आणि म्हणावं, जाऊ द्या, लिहा तुमचंच नाव. नाही गेले.

बऱ्याच वेळाने हे आत आले. खुर्चीत बसले.

“हिच्या नावावर करून टाका,” ते जावयाला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “कुठे करायची सही?”

जावईबापूंनी बॅगेतल्या आरटीओच्या फॉर्मांमधून गाडी नावावर करायचा कागद काढून दिला. मी रेघेच्या डाव्या टोकाशी बोट ठेवलं. यांनी कागदावर वाकून नावाला सुरुवात केली, आणि पहिलं अक्षर माझ्या बोटावर उमटलं. बोट तिथे आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं. सही पूर्ण होईपर्यंत मी ते हलवलं नाही.