बाजाराच्या गर्दीतली मावशी

सावेडीतल्या माझ्या छोट्या स्टुडिओत मी जुन्या व्हिडिओ कॅसेट्स मोबाईलवर बघता येतील अशा करून देतो. मध्यंतरी एका म्हाताऱ्या कॅमेरामनने नगरचा बाजार, मिरवणुका, एसटी स्टँड असं काय काय टिपलेल्या कॅसेट्स आणून दिल्या. त्या बघताना बाजाराच्या गर्दीत मला आई दिसली. तरुण, भाजीवालीशी खळखळून हसणारी. आईला असं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. पुढे काम सुचेना. तो तुकडा मोबाईलवर घेतला आणि तसाच मोटारसायकल काढून जामखेडला घरी गेलो.

आई ओसरीत शेंगा फोडत होती. मोबाईल तिच्यापुढे धरून मी विचारलं, "ही तूच ना?"

तिने पाहिलं आणि सूप बाजूला सारलं. "मी न्हाई. थोरली बहीण हाय माझी. तुझी मावशी."

ही मावशी माझ्या जन्माआधीच वारली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

"परत लाव," आई म्हणाली. मावशी हसायची, वळायची आणि लगेच गर्दीआड व्हायची.

"थांबव की रं तिला!"

मी चित्र थांबवलं, तर चेहराच पुसट झाला.

दुसऱ्या दिवशी आई उरलेल्या कॅसेट्स बघायला माझ्यासोबत नगरला आली. मला एका जागी बसवत नव्हतं. ती मात्र पडद्यावरून नजर काढेना. मावशी पुन्हा दिसली नाही.

"संपल्या सगळ्या," मी म्हणालो.

आईने पदर खोचला. "त्या कॅमेरावाल्याच्या घरी अजून असत्याल. चल, इचारू."