हाक मारायचं काम

दुसऱ्या खेपेला माझं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. त्या वर्षी टीव्हीवर बुधवारी एक हसायची मालिका लागायची. गल्लीत टीव्ही आमच्याकडेच, त्यामुळे पुढचा सोपा माणसांनी भरून जायचा. एका भागात नवरा आणि शेजारी मिळून बायकोला दवाखान्यात न्यायची तालीम करतात. एक पिशवी घेतो, एक फोन करतो, एक गाडी आणतो. खरी वेळ आली की सगळे एकमेकांवर आदळतात. गल्ली हसली, पण आमच्या यांना ते पटलं.

"आपण पण तालीम करायची. आपल्यात कोण आदळणार न्हाय."

दुसऱ्याच दिवशी यांनी कामं वाटली. भावजींनी रिक्षा आणायची, आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पिशवी घ्यायची, शेजारच्या काकूंनी थोरलीला सांभाळायचं. माझं काम एवढंच, कळ आली की हाक मारायची.

तालमीत मी हाक मारली ती माझी मलाच ऐकू आली. सोप्यात मामंजी बसले होते. त्यांच्यासमोर मी कधी आवाज काढला नव्हता.

"वैनी, एवढ्यावर रिक्षा येत न्हाय," भावजी म्हणाले.

"जोरात बोल की," आत्याबाई म्हणाल्या. "पोरगं काय तुझं लाजणं बघून थांबणार हाय व्हय?"

पुढच्या बुधवारी सोपा भरलेला, मालिका रंगात आलेली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. कळ आली. मी "अवो" म्हटलं, पण हसण्याच्या गलक्यात ते कुणाला ऐकू जाणार? जाहिराती लागल्या की सांगू, असं ठरवलं. जाहिराती लागल्या आणि सगळे गप्प झाले. गप्प बसलेल्या माणसांपुढं बोलणं तर आणखीच अवघड. तेवढ्यात मालिका परत सुरू झाली आणि जोराची कळ आली. मी पदर सावरला, माणसांच्या पायांतून वाट काढत गेले आणि टीव्ही बंद केला.

सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

"वैनी, अजून संपलं न्हाय," कुणीतरी म्हणालं.

मी मान खाली घालून टीव्हीला धरून उभी राहिले. मामंजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि उठलेच. दारात जाऊन त्यांनी अशी आरोळी ठोकली की भावजी चपला शोधेपर्यंत कोपऱ्यावरचा रिक्षावाला दारात हजर.

रिक्षात हे कुरकुरले, "हाक तू मारायचं ठरलं होतं की."

"मामंजींनी मारली न्हवं," मी म्हटलं. "त्यांचा आवाज चांगला हाय."

हे मी मोठ्यानंच बोलले असणार, कारण रिक्षावालाही हसला.