कोडमधून उडवलेला रकाना

आत्ताच सांगून टाकतो, उद्यावर ढकललं तर परत राहील... आणि खरं सांगू, डोक्यात घेऊन फिरायचा कंटाळा आलाय आता. भुताखेतावर माझा काडीचा विश्वास नाय. वेबसाइट बनवणारा माणूस मी!

नारायणगावला एसटी स्टँडसमोर, फोटो स्टुडिओच्या वरती एक वधू-वर सूचक ऑफिस आहे. त्यांची साइट माझी. मालक काका रोज कायतरी बदलायला लावायचे, लई जीव खाल्ला. एक दिवस म्हणाले, "फॉर्ममधलं ते 'पहिले लग्न झाले आहे का?' काढ रे. लोकं चिडत्यात." उद्या परत मागतील, म्हणून मी काढलं नाय, नुसतं लपवलं. स्टाईलमध्ये 'डिस्प्ले नन' टाकलं की रकाना पानात राहतो, पण दिसत नाय. नंतर ढीगभर लोकांनी फॉर्म भरले, कुणालाच दिसला नाय.

मग माझ्या ताईचं जमलं. मुलगा पिंपरी पेंढारचा, एकदम शांत. सुपारीच्या आधी काका म्हणाले, "दोघांचे फॉर्म भरा, साइटवर जोडीचा फोटो टाकू." भर दुपारी आम्ही सगळे ऑफिसात... मुलानं नाव टाईप केलं आणि तो लपवलेला रकाना समोर!

रिफ्रेश मारलं... गेला. त्यानं परत नाव टाकलं... आला! त्याचा मामा हसला, "पावणं, मशीन येडं झालंय का तुमचं?"

मी ती ओळच कोडमधून उडवली, अपलोड केलं, ब्राउझरात साठलेली जुनी पानं, म्हणजे कॅशे, साफ केली. माझं नाव टाकलं — काय नाय. ताईचं — काय नाय. त्याचं टाकलं — रकाना! पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड उघडला, तर त्यात ती ओळच नव्हती!!

ताई पुढं आली. "ऱ्हाऊ दे रे. अहो, मी तोंडानंच विचारते. झालंय का?"

"काय पोरी हे..." मामा उठला. मुलानं त्याला हातानं थांबवलं.

"झालं व्हतं. वर्षाच्या आत गेली ती, तापानं. मामा म्हणला, विचारलं तर सांगू. कुणी विचारलंच नाय."

ताईनं हळूच विचारलं, "नाव काय व्हतं तिचं?"

त्यानं सांगितलं. मी स्क्रीनकडं बघितलं... रकाना नव्हता. कीबोर्डला कुणाचा हात नव्हता, राव!

लग्न झालं. पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक, म्हणजे पूजेची छोटी प्रतिमा, ताईनंच करून घेतला, देव्हाऱ्यात बसवला. मी अजून तो जुना कोड चाळतो, डोळे दुखेपर्यंत...

तुमच्यापैकी कुणाला कधी, पानात नसलेलं असं काय दिसलंय का? असेल तर सांगा ना...