बाहव्याच्या शेंगेचा माग: कर्जत ते कुंभिवली

जुन्या कूलरच्या पत्र्याचं वाळवणी कपाट, आतून काळा रंग दिलेलं. कमीजास्त भोकांच्या तीन चाळण्या. सुंठ कुटायला पायाने चालणारं मुसळ. स्कूटरच्या मागची झाकणाची पेटी. आणि ‘पोटाचा चहा’. एवढ्या गोष्टी मी माझ्या हातांनी केल्या, कुणाकडे शिकायला न जाता.

चहात काय आहे ते लपवत नाही. सोनामुखीची पानं आणि बाहव्याच्या शेंगेचा वाळवलेला गर, हे दोन पोट साफ करणारे. सुंठ आणि बडीशेप कळ येऊ नये म्हणून. ज्येष्ठमध घशाला आणि चवीला, गवती चहा वासाला. सोसायटीत लोक मागून नेतात.

कर्जतजवळ फार्महाउस चालवणाऱ्या नितीनशेठना तो असाच कुणाकडून मिळाला. त्यांना तो पाहुण्यांना रोज संध्याकाळी द्यायचा होता आणि निघताना पाकीट हातात ठेवायचं होतं. पाकिटावर माझं नाव. आयुष्यात पहिल्यांदा कशावर तरी माझं नाव छापून येणार होतं. रविवारी उत्तर द्यायचं ठरलं. पण बाहव्याचं झाड शेंगांनी लगडलेलं मी कधी नीट पाहिलं नव्हतं, आणि ज्यावर नाव घालायचं त्याचं मूळ बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून त्या रविवारी बदलापूरहून सकाळीच निघालो.

नेरळपर्यंत रस्ता बरा, पुढे स्पीडब्रेकर मोजत जावं लागतं. दहिवलीला मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर पुढचा अर्धा तास पाणीच पीत बसाल. लोक बाहवा बघायला उन्हाळ्यात येतात, पिवळ्या फुलांसाठी. शेंगांसाठी यायचं तर फेब्रुवारीत या. कर्जत सोडल्यावर पळसदरीच्या अलीकडे उजव्या हाताला एक झाड दिसलं: हातभर लांब, काळ्या, गुळगुळीत शेंगा. कुणीतरी फांद्यांना छत्र्यांच्या दांड्या अडकवून गेल्यासारखं.

खोपोलीत यासीनभाईंचं मसाल्याचं आणि झाडपाल्याचं दुकान आहे. माझी सोनामुखी तिथूनच येते. त्यांनी एक शेंग माझ्या कानाशी हलवली. आत खुळखुळ वाजलं.

“ही घेऊ?” मी विचारलं.

“ही पोराला द्या खेळायला! वाजली म्हणजे आतला गर सुकून गेला. मुकी शेंग घ्यायची, साहेब.” दुसरी हलवली, आवाज नाही. “ही सुमनकाकींकडची. कुंभिवलीच्या आत वाडी आहे, तिथं जा. पण काकी प्रश्न फार विचारतात हां. आधीच सांगून ठेवतो.”

हायवेवर ट्रक अंगावर येतात, स्कूटरवाल्यांनी डावी कड सोडू नये. कुंभिवलीहून आत वळलं की गोदामं संपतात आणि खळी लागतात. सुमनकाकींच्या विहिरीवरच बाहवा आहे. त्यांनी शेंग दगडाने फोडली. आत नाण्यांसारखे पातळ पडदे, प्रत्येकावर काळा चिकट गर. चाखला. चिंचेला गूळ लावून आठवडाभर विसरल्यासारखा.

“हे घ्यायचं कधी?” मी विचारलं.

“वर्साचं एकदा. भात झोडून झालं की. रोज कोन घेतं रं?” मग त्यांनी मला निरखलं. “तुला हवाय? मग तुजी पेज कोण करणार?”

“मीच करतो. माझं सगळं मीच करतो.”

“आपली आपण नाय करायची. घेणाऱ्यानं त्या दिवशी चुलीकडं जायचंच नाय. पेजवाली माणूस ठरली, मगच आमी गर भिजवतो.”

त्या घरात हाच नियम. पेज करणारा तो दिवस घर सोडत नाही. घेणारा किती वेळा परसाकडे गेला ते तो बघतो. जास्त झालं की मुरुडशेंग उगाळून देतो आणि वर मीठ घातलेली पेज. पोटुशी बाई, लहान पोर, नुकता तापातून उठलेला, यांना गर नाहीच.

ओट्यावरून त्यांचे यजमान बोलले, “मला दिला तवा ही दारात बसून मोजत होती. आख्ख्या आळीला आकडा सांगितला!”

“सांगणार नाय तर काय! सातच्या पुढं गेला होतास. मुरुडशेंग घ्यायला शेजारी गेले, तर इचारलं त्यांनी.”

“लग्नात पण एवढं लक्ष नव्हतं हिचं माज्यावर.”

मी पाकिटाचं सांगितलं. वापरायची कृती मागे छापीन, कुणी घेऊ नये तेही छापीन, ठळक अक्षरात.

काकी शेंगेचे तुकडे सुपात सारत म्हणाल्या, “छाप की. पण पाकीट दारात बसेल का?”

निघताना त्यांनी दहा मुक्या शेंगा दिल्या, पेटीत बरोबर मावल्या.

परतताना नितीनशेठकडे थांबलो. मी दुसरा चहा सुचवला: गवती चहा, सुंठ, ज्येष्ठमध. जेवणानंतर बरा, पोटाला हलका. सोनामुखी आणि बाहवा वगळून.

“अहो, मग त्यात साफ काय होणार?” ते हसले. “दुसऱ्या दिवशी पाहुण्याला जाणवलं पाहिजे. पेज हवी तर मेनूत टाकू, मातीच्या वाडग्यात. मस्त दिसेल.”

“आणि घरी नेलेल्या पाकिटाचं? रोज घेतलं तर आतडं त्याच्यावाचून हलेनासं होतं.”

“ते त्यांचं ते बघतील. तुमचं नाव मोठं टाकतो ना!”

नाव मोठं. तिथेच मी अडकलो, खोटं कशाला बोलू. गाडी सुरू करेपर्यंत मनात अक्षरांचा आकारसुद्धा ठरवून झाला होता.

घरी आल्यावर बायकोला काकींचा नियम सांगितला. ती म्हणाली, “मी करीन की पेज. पण मोजणार नाही.” सोसायटीतल्यांना आता सोनामुखीशिवायचा चहा देतो, दोघांनी कुरकुर केली, एकीने वास आवडल्याचं सांगितलं. बाहव्याचा गर बरणीत वेगळा आहे, आणि मागणाऱ्याला आधी विचारतो की घरी कोण आहे.

नितीनशेठना त्या रविवारी रात्रीच फोन केला. मिश्रणाचे कायमचे हक्क, पाकिटावर माझं नाव आणि एकरकमी साडेतीन लाख रुपये, असा त्यांचा प्रस्ताव होता. मी नाही म्हणालो.